चार हात पुढची जमीन

कार्तिकी पौर्णिमा हा पायी निघण्याचा दिवस आहे. चार महिने एका जागी राहिलेले साधु-साध्वी पुन्हा विहाराला निघतात. पावसाळ्यात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा उघडते, आणि ज्यांना पालिताण्याला जाणे जमत नाही ते आपल्या गावीच शत्रुंजयाच्या पटासमोर हात जोडून भावयात्रा करतात. नेमक्या याच तिथीला चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, वर्धा आणि पैनगंगा जिथे एकमेकींना भेटतात त्या वढा गावी विठ्ठल-रुक्मिणीची यात्रा भरते. पंचक्रोशीतील लोक त्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. संगमावर स्नानाला निघालेली माणसे भल्या पहाटे घुग्घुसच्या रस्त्यावरून जाऊ लागतात. एका बाजूला टाळ-मृदंग आणि दुसऱ्या बाजूला कोळशाने भरलेल्या ट्रकांची रांग, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला ताडोबाचा वाघ आठवतो. जैन यात्रेकरूला भद्रावतीचे भांदक तीर्थ आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वप्नातील संकेतावरून जंगलात सापडलेली केशरिया पार्श्वनाथांची ती श्यामवर्ण मूर्ती, म्हणून ‘स्वप्नदेव’ हे नाव. चंद्रपूरहून पंचवीसएक किलोमीटरवर असलेले घुग्घुस मात्र कोणाच्याच यात्रेच्या यादीत नसते. इंग्रजी अमदानीतील जुन्या ग्रंथांत चांदा जिल्ह्याच्या लेणीमंदिरांची नावे देताना भांदक आणि विंजासन यांच्याबरोबर घुग्घुसचेही नाव घेतलेले आहे. आज गावातल्या दहा माणसांना विचारले तर नऊजणांना ते ठाऊक नसेल. घुग्घुस म्हणजे कोळसा, सिमेंट आणि लोखंड. जमिनीखाली कोळसा, शेजारी चुनखडक आणि वाहून न्यायला रेल्वे, या तिहींच्या योगाने हे गाव वाढले. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूरचे नाव तीत वरच्या क्रमांकांत होते आणि घुग्घुसचा पट्टा त्याच क्षेत्राचा भाग होता. येथे सकाळी ओटा पुसला की दुपारपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता येते.

अशा गावात एका किराणा दुकानदाराने, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आपल्या सहा वर्षांच्या नातीला फिरायला न्यायचे ठरवले.

घरात त्यांना सगळे दादाजी म्हणतात. त्यांचे वडील मारवाडातून आधी वणीला आले आणि वणीहून नदी ओलांडून घुग्घुसला. कोळशाच्या खाणी १९७३ साली सरकारकडे गेल्या, त्याच्याही आधी हे दुकान उघडलेले होते. तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या खाणकामगारांना डाळ-तांदूळ, तेल, साबण द्यायचा आणि पगाराच्या दिवशी उधारीची वही मिटवायची, असा हा धंदा. दादाजी घरी मारवाडी, गावात मराठी आणि गल्ल्यावर तेलुगू बोलतात. मुलगा शिकून पुण्याला गेला व तिकडेच स्थिरावला. नात तिथेच जन्मली. ती दादाजींशी मराठीत बोलते, कारण शाळा मराठी आणि शेजारही मराठी. मारवाडी तिला समजते, पण बोलताना ती लाजते.

नातीला लहानपणापासून दम्याचा त्रास. पुण्यात तो आटोक्यात असतो, घुग्घुसला आले की दुसऱ्या दिवशी छाती वाजू लागते. म्हणून पूर्वी दिवाळीला पंधरा दिवसांचा असणारा मुक्काम दहा दिवसांवर, मग आठवर आणि यंदा चार दिवसांवर आला होता. सूनबाई शब्दाने कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीत पंप, मास्क आणि वाफेचे यंत्र व्यवस्थित लावून ठेवले होते, आणि त्या पिशवीकडे पाहिले की दादाजींना पुढचे सगळे कळत असे. मुलाने मात्र स्पष्ट सांगितले होते. दुकान विकावे, दोघांनी पुण्याला यावे. एका व्यापाऱ्याने जागेसह दुकान घ्यायची तयारी दाखवली होती. किंमत बरी होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते.

पौर्णिमेच्या सकाळी सात वाजता स्कूटर निघाली. रस्ता संपेपर्यंत नातीच्या तोंडावर मास्क होता. नकोड्याच्या बाजूला जाताना एक पांधण फुटते, तिच्या तोंडाशी एक मोठी बाभूळ आहे. तिथे स्कूटर उभी केली, मास्क काढला आणि दोघे चालू लागले. नकोडा या नावाची एक गंमत दादाजी आल्या-गेल्या पाहुण्याला सांगतात. राजस्थानात बालोतऱ्याजवळ नाकोडा पार्श्वनाथांचे मोठे तीर्थ आहे. दादाजींचे वडील नवखे असताना कोणीतरी त्यांना म्हणाले की नकोडा इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्यांनी चपला काढून हात जोडले. पुढे कळले की हे साधे वऱ्हाडी वळणाचे गाव आहे. तरीही त्या दिशेला पाय करून ते कधी झोपले नाहीत.

दादाजींचा बेत नदीपर्यंत जाण्याचा होता. तरुणपणी ही वाट ते पाऊण तासात जाऊन-येऊन संपवीत. पहाटेचे फिरणे म्हणजे दिवसाच्या हिशेबाची उजळणी. कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे, साखरेचा भाव काय निघेल. पायाखालून वाट कशी गेली हे त्यांना कधी कळलेच नव्हते. आज पहिल्या पन्नास पावलांतच नात थांबली.

“दादाजी, आपण ईर्यासमितीने चालू या.”

पुण्याच्या पाठशाळेत तिला नुकतेच पाच समितींचे धडे झाले होते. चालताना नजर जमिनीवर ठेवावी, सुमारे चार हात पुढची जमीन पाहत चालावे, इकडे-तिकडे बघू नये, जिवावर पाय पडू देऊ नये. साधूंच्या आचाराचा हा नियम मुलांना खेळासारखा शिकवतात, आणि मुले तो खेळासारखाच पण फार कडकपणे पाळतात.

“चालू या की.”

“पण चार हात कोणाचे? माझे की तुमचे?”

एवढ्या वर्षांच्या सामायिकात आणि व्याख्यानांत हा प्रश्न दादाजींच्या मनात आलेला नव्हता. क्षणभर विचार करून ते म्हणाले, “तुझे.” नातीने खाली बसून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत आपला हात जमिनीवर चार वेळा ठेवला. अंतर जेमतेम सव्वा मीटर भरले. त्या सव्वा मीटरच्या आत जे काही होते ते सगळे पाहूनच पुढे जायचे, असे ठरले.

त्या सव्वा मीटरमध्ये फार काही होते. कार्तिकातल्या दवाने गवतावरची कोळ्यांची जाळी उघडी पडली होती. पांधणीच्या दोन्ही बाजूंना ती शेकड्यांनी पसरली होती, तळहाताएवढी, नळीसारखे तोंड असलेली. आणि प्रत्येक जाळ्यावर दवाच्या थेंबांबरोबर काळ्या धुळीचे कणही अडकले होते. नात म्हणाली की कोळ्याने काजळ घातले आहे. बैलगाडीच्या चाकोरीतून मुंग्यांची रांग कसलेसे पांढरे बी नेत होती. ती ओलांडायला दोघांना वळसा घालून धुऱ्यावरून जावे लागले. शेणाच्या पोहोट्याखाली एक काळा भुंगेरा मागच्या पायांनी गोळी ढकलत होता. गोळी चाकोरीच्या खोलगट भागात पडे आणि तो पुन्हा ती वर काढू लागे. नात बराच वेळ उकिडवी बसून पाहत राहिली. दादाजींचे गुडघे बसू देत नव्हते, म्हणून ते काठीवर रेलून उभे होते. तिच्या श्वासाकडे त्यांचे लक्ष होते. घरात रात्री जी बारीक शीळ ऐकू येत असे ती इथे नव्हती.

तारेवर नीळकंठ बसलेला होता. तो उडाला तेव्हा पंखांतला निळा रंग एकदम उघडला, आणि नातीने वर पाहिले. लगेच तिला नियम आठवला.

“वर बघितलं तर मोडतं का?”

“थांबून बघितलं तर नाही मोडत. चालताना बघू नये.”

ही व्यवस्था दादाजींनी आपल्या अधिकारात केली, आणि ती वाईट नव्हती. त्यानंतर दोघे चालताना खाली आणि थांबल्यावर वर पाहू लागले. तुरीला पिवळा बहर आला होता. सोयाबीन निघून गेलेल्या वावरात हरभऱ्यासाठी वखरणी झाली होती आणि पांढरे बगळे औताच्या मागे फिरावेत तसे रिकाम्या तासांतून फिरत होते. वर्धेच्या खोऱ्यातील ही काळी माती खोल आहे. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पावसात ती पायाला धरून ठेवते, आणि कापसाला ती मानवते.

कापसाच्या वावरात पहिली वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. त्यांतली एक दुकानाची जुनी गिऱ्हाईक. तिने लांबूनच ओळखले.

“नात होय का जी, सेठजी? कवा आली?”

“परवा आली. उद्या जाणार.”

“बारीक हाये वो पोरगी. ये वो माय, बोंड पाह्य.”

नातीने आयुष्यात पहिल्यांदा उमललेले बोंड हातात घेतले. चार पाकळ्यांत चार कापसाचे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्यात बोटांना लागणारी सरकी. तिने विचारले की शर्ट यातून निघतो का. बायका हसल्या. एकीने तिला दुसरेही बोंड दाखवले, वावराच्या त्या टोकाचे, जिकडून डांबरी रस्ता जातो. ते करडे होते. रस्त्याकडेच्या दोन-चार तासांतला कापूस वेगळा वेचून ठेवावा लागतो, नाहीतर व्यापारी सगळ्याच मालाचा भाव पाडतो. दादाजींना हे ठाऊक होते. त्यांचे व्याही कापसातले. भाव पाडणाऱ्याची बाजूही त्यांना समजत होती, कारण जिनिंगमध्ये पुढे त्यालाही कोणी तसेच उत्तर देते. फक्त धूळ ज्याची आहे तो या साखळीत कुठेच उभा नसतो.

“सेठजी, दुकान इकता म्हनते लोक. खरं हाये का जी?”

दादाजी म्हणाले की अजून काही ठरले नाही.

“मंग आमी तेलामिठाले कोनाच्या दारात जाव? नवीन मानूस उधारी देते का?”

ती हे तक्रारीने म्हणाली नाही. तिचे हात चालूच होते, आणि उत्तराची वाट न पाहता ती पुढच्या झाडाकडे सरकली. नात दोन्ही बोंडे, पांढरे आणि करडे, दोन मुठींत धरून उभी होती. दादाजींनी पाकिटाला हात घातला तेव्हा बायकांनी तो नाकारला. अखेर दुपारी दुकानातून गुळाची एक भेली पाठवायची, असे ठरले.

प्रतिक्रमणात श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो. अंगारकर्म, वनकर्म, शकटकर्म, भाटककर्म, स्फोटकर्म ही त्यांतील पहिली पाच: अग्नीवर आणि कोळशावर जगणारा धंदा, जंगल तोडण्याचा धंदा, गाड्यांचा, भाड्याने वाहतुकीचा, आणि जमीन फोडण्याचा. घुग्घुसमध्ये ही पाचही कर्मे दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत चालतात. भोवतालच्या ओळखीच्यांनी ट्रक घेतले, कोळशाचे डेपो टाकले आणि बंगले बांधले. दादाजींनी वडिलांच्या शब्दासाठी यांतले काही केले नाही. किराण्यात हिंसा कमी, असे वडील म्हणत. पण पगाराच्या संध्याकाळी गल्ल्यात पडणारी नोट कुठून येते हे त्यांना कळत होते, आणि दर चौदसच्या प्रतिक्रमणात त्या पाच नावांपाशी त्यांचा आवाज जरा खाली येई. या गावातील कोणत्याही दुकानदाराला त्यातून सुटका नाही; पुण्याच्या घरातले दिवेही याच कोळशावर लागतात, हे एकदा त्यांनी मुलाला सांगितले होते, आणि मुलाने ते मान्यही केले होते. मान्य करून छाती मोकळी होत नाही, एवढेच.

पुढे पांधणीत एका ठिकाणी पावसाळ्यातला चिखल बुजवायला भराव टाकला होता. खाणीच्या ढिगाऱ्यावरून आणलेले राखी, पानापानांनी सुटणारे दगड. त्यांतला एक नातीने उचलला, तर तो हातात दुभंगला आणि आत एका पानाचा ठसा निघाला. मधली शीर स्पष्ट, तिच्यापासून दोन्हीकडे तिरप्या, जाळीदार बारीक शिरा, पान जिभेच्या आकाराचे.

घुग्घुसच्या माणसाला हे नवे नाही. खाणीतले मजूर असे दगड मुलांना खेळायला आणतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका ही सगळी जमीन त्या काळी एकत्र होती, आणि तिला शास्त्रज्ञांनी आपल्याच मध्य भारतातील गोंडवनाच्या नावावरून गोंडवाना हे नाव दिले आहे. दलदलीत वाढणारी जंगले गाळाखाली गाडली गेली, वरच्या थरांच्या भाराने आणि उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जिभेसारखी पाने त्या थरांबरोबर येणाऱ्या दगडांत छापलेली राहिली. दादाजींना ग्लॉसोप्टेरिस हा शब्द ठाऊक नव्हता, पण बाकीचे त्यांनी नातीला नीट सांगितले.

“म्हणजे हे वनस्पतिकाय आहे की पृथ्वीकाय?”

“पाठशाळेतल्या बाईंना विचार,” दादाजी म्हणाले. हा प्रश्न महाराजसाहेबांपुढे नेला तरी त्यांना आवडेल, असे त्यांना वाटून गेले.

दगड नातीने रुमालात बांधला. ऊन आता वर आले होते आणि धुके फाटत होते. समोर नदीची झाडी दिसू लागली, पाणी अजून दिसत नव्हते. वर्धा येथे दोन जिल्ह्यांची सीमा आहे. अलीकडे चंद्रपूर, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका. पलीकडच्या काठावर मुंगोलीच्या खुल्या खाणीचे ढिगारे उन्हात उजळले. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले, उतारावर वेड्या बाभळीची हिरवी झाक असलेले. अशाच झुडपांतून कधी कधी वाघ दिसल्याच्या वार्ता येतात, म्हणून लोक सूर्य उगवल्याशिवाय वावरात जात नाहीत. नात थांबली, म्हणजे नियमाप्रमाणे वर पाहायला मोकळी झाली, आणि तिने हात जोडले.

“दादाजी, शत्रुंजय?”

घरी दुपारी शत्रुंजयाचा पट मांडायचा हे तिने सकाळीच ऐकले होते. दादाजींना हसू आले आणि लगेच ते मावळले.

“नाही बेटा. तो डोंगर नाही. खाणीतून काढलेली माती आहे ती.”

“सगळी?”

“सगळी.”

नात विचार करू लागली. मुलांचा विचार चेहऱ्यावर दिसतो. “मग तिथे तेवढाच मोठा खड्डा पण असेल.”

“असतो. लांबून दिसत नाही.”

“आपल्या घराखाली पण खणलंय का?”

हा प्रश्न घुग्घुसमध्ये कोणीही सहज विचारीत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, आमराई वॉर्डातले एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गेले. आधी हादरे जाणवले, घरातली माणसे बाहेर धावली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घराच्या जागी सत्तर-ऐंशी फूट खोल खड्डा उरला. माणसे वाचली. त्या भागाखाली इंग्रजांच्या काळातील भूमिगत खाण होती, कोळसा काढून झाल्यावर पोकळी राहिली होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून हलवावे लागले. त्या रात्री गावात कोणी झोपले नाही. नंतर काही महिने लोक फरशीला कान लावीत, भिंतीवरच्या प्रत्येक चिरेवर पेन्सिलीने तारीख लिहीत, आणि दुपारचा सुरुंग उडून मांडणीवरची भांडी वाजली की एकमेकांकडे पाहत. मग हळूहळू ते थांबले. राहायचे असेल तर ते थांबावेच लागते.

दादाजींचे दुकान आमराईपासून काही गल्ल्या दूर. त्यांच्या भिंतीलाही एक चीर होती. गेल्या वर्षी रंग दिला तेव्हा ती बुजली. जुन्या खाणींचे बोगदे गावाखाली कुठवर गेले आहेत याचे नकाशे असतात, ते पाहता येतात, हे त्यांना ठाऊक होते. ते पाहायला ते गेले नव्हते. व्यापारी दोनदा येऊन जागा मोजून गेला, कागद पाहून गेला, शेजाऱ्यांशी बोलून गेला. पण तो बाहेरगावचा होता आणि जमिनीखालचे त्याने विचारले नव्हते. न विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देण्याची व्यापारात रीत नाही, असे दादाजी आठ दिवस स्वतःला सांगत होते.

श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात पाच मोठी असत्ये टाळायची असतात. कन्येविषयी, जनावराविषयी, जमिनीविषयी, ठेवीविषयी आणि खोट्या साक्षीविषयी. तिसऱ्याचे नाव भूम्यलीक. दादाजींनी ते व्रत तिशीत घेतले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना वाटत होते की आपला जमिनीशी संबंधच येत नाही, आपण तर डाळ-तांदूळ विकतो.

“मला माहीत नाही,” ते नातीला म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाही?”

“नाही विचारलं.”

नातीने मान हलवली. तिला यात विशेष काही वाटले नाही. तिलाही शाळेत पुष्कळ गोष्टी विचारायच्या राहून जातात. ती पुन्हा खाली पाहून चालू लागली, पण आता परतीच्या दिशेने, कारण तिला भूक लागली होती. नदी राहिली. झाडीच्या फटीतून पाण्याची एक रेघ चमकताना दिसली तेवढीच. हीच वर्धा पुढे पैनगंगेला घेऊन वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते आणि ती गोदावरीला जाते, हे सांगायचे दादाजींच्या मनात होते. ते सांगायचे राहून गेले.

बाभळीपाशी स्कूटरच्या बैठकीवर काळ्या धुळीचा पातळ थर बसला होता. मास्क लावून दोघे निघाले. डांबरी रस्त्यावर ट्रकांची रांग वाढली होती, आणि मध्येच एक दिंडी रांग तोडून पलीकडे जात होती. घरी पोहोचेपर्यंत नातीला दोनदा खोकला आला. सूनबाईंनी पंपाचे दोन झोत दिले, पाठीवर हात ठेवून मोजत बसल्या. दादाजी दाराशी उभे राहिले. दहा मिनिटांनी शीळ बसली, आणि नातीने लगेच रुमाल सोडून दगड दाखवायला सुरुवात केली.

दुपारी वडिलांच्या वेळचा कापडी पट भिंतीवर लावला गेला. घड्यांवर तो विरला आहे, नदीचा निळा रंग बराच उडाला आहे, पण टूकांवरची देरासरे आणि चढणीवरची छोटी छोटी माणसे अजून स्पष्ट आहेत. नातीने त्या माणसांवरून बोट फिरवीत विचारले की ही सगळी खाली बघून चालताहेत का. दादीजी म्हणाल्या, चढताना खालीच बघावे लागते.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, दादाजींनी दुकानात जाऊन व्यापाऱ्याला फोन केला. सोमवारची वाट पाहिली नाही. त्यांनी आमराई वॉर्डाची हकीकत सांगितली, भिंतीतल्या चिरेचे सांगितले, रंग कधी दिला तेही सांगितले. जुन्या खाणीचा नकाशा आपण पाहिलेला नाही, मंगळवारी कार्यालयात जाऊन मागणार आहोत, आणि तो पाहिल्याशिवाय सौदा करू नका, असे म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग व्यापाऱ्याने विचारले की हे आत्ताच कसे सुचले.

“घरात विचारणा झाली,” दादाजी म्हणाले.

मुलाला त्यांनी रात्री सांगितले. मुलगा रागावला नाही, पण बराच वेळ गच्चीवर फेऱ्या घालीत राहिला. किंमत निम्मी होईल, कदाचित गिऱ्हाईकच राहणार नाही, आणि मग पुण्याला येणे कधी, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. दादाजींकडे त्याचे उत्तर नव्हते. नकाशात घराखाली पोकळी निघाली तर विकणे आणि राहणे दोन्ही अवघड, आणि नाही निघाली तरी हवा तीच राहणार.

सकाळी गाडीला निघण्याआधी नात दुकानात आली. तिने पानाचा दगड काट्यावर ठेवला. काट्याने तीनशे चाळीस ग्रॅम दाखवले. दगड पुण्याला न्यायचा की नाही यावर थोडा वाद झाला, कारण पिशवी जड होती आणि तीत वाफेचे यंत्र होते. शेवटी तो गल्ल्याशेजारी, काट्याच्या बाजूला ठेवायचे ठरले. करडे बोंड तिने बरोबर घेतले, पांढरे दादीजींना दिले.

“पुढच्या वेळी नदी,” ती म्हणाली.

सूनबाई मास्कची दोरी तिच्या कानामागे अडकवीत होत्या. त्या म्हणाल्या, “पावसाळ्यात येऊ, आई. तेव्हा धूळ बसलेली असते.”

“पावसाळ्यात पांधणीत चिखल असतो,” दादाजी म्हणाले, “आणि जीवही फार. नियमाने चालायचं तर बाभळीपर्यंतच जाणं होईल.”

नातीने थोडा विचार करून तेही चालेल म्हणून सांगितले.